थेंबावर उभा

गेल्या मार्गशीर्षात पणजीहून बेळगावला परतताना आमच्या गाडीने एका भेकराला, त्या लहानखुऱ्या हरणाला, धडक दिली. चोर्ला घाट चढून कणकुंबी मागे पडली होती, संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि काचा खाली केल्यामुळे ओल्या पाल्याचा आणि कुठेतरी पेटवलेल्या शेकोटीच्या धुराचा वास गाडीत येत होता. पुतण्या गाडी चालवत होता. वेग फारसा नव्हता, निदान घरी आम्ही दोघांनीही तसेच सांगितले. डावीकडच्या कारवीतून काहीतरी तांबूस उजेडात आले, मागच्या फऱ्यावर आदळले, कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर पडले आणि आम्ही दार उघडेपर्यंत उठून तीन पायांवर पलीकडच्या झाडीत शिरलेही. ओरडले नाही. रात्री कुत्र्यासारखे भुंकून सगळे रान जागे करणारे हे जनावर आपल्यावर बेतते तेव्हा इतके गप्प राहते, हे मी विसरलो होतो. नंबरप्लेटच्या खाचेत चारदोन आखूड केस अडकले होते. मोबाइलच्या उजेडात पट्ट्यावर रक्ताचे तीन थेंब दिसले आणि चौथा मोरीच्या कठड्याजवळ, डांबर संपून माती सुरू होते तिथे. मी नकळत त्या चौथ्या थेंबाशी जाऊन उभा राहिलो. पुतण्या दोनदा हॉर्न वाजवून शेवटी खाली उतरला आणि म्हणाला, "काका, चला की आता. थितं उभारून काय व्हतंय?"

त्याचे काही चुकले नव्हते. अंधार होता, हातात धड बॅटरी नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती आणि हे सगळे रान वनखात्याचे. जखमी रानजनावर गाडीत घालून दवाखान्यात न्यावे म्हटले, तर वाटेत कोणी अडवल्यावर आम्ही त्याला वाचवायला निघालो होतो की खायला, हे पटवून देणे अवघड. पुढे रेंज आल्यावर फोन केला, आणि एका नाक्यावर भेटलेल्या वनरक्षकालाही जागा सांगितली. पोरगा पंचविशीचा होता, शांतपणे त्याने वहीत टिपून घेतले, मोरीची खूण दोनदा विचारली आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला, "कत्तल्याग एल्लि हुडकूदरि?" अंधारात कुठे शोधायचे, हा प्रश्न रास्त होता. सकाळी बघतो, असेही तो म्हणाला. जांबोटी गेली, कुसमळीचा पूल गेला, पिरनवाडीचे दिवे दिसू लागले. घरी ताटे मांडलेली होती. घडले ते आम्ही सांगितले, सगळे हळहळले आणि जेवण झाले.

मी त्या थेंबावरून पाय उचलला होता, एवढे मात्र सांगितले नाही.

ते सांगायचे तर ५५ वर्षे मागे जावे लागते. आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जिथे भाताची खाचरे संपता संपता ऐन-किंजळीचे रान सुरू होते. १९७० साल असेल, मी नऊ वर्षांचा होतो. आजोबांकडे पिकाच्या राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती माजघरात खुंटीला टांगलेली असे आणि तिच्या खालून जाताना आम्ही पोरे उगाचच मान खाली घालत असू. भात पोटरीला आले की शेतात चार मेढींवर माळा उभा राही आणि दिवाळीपर्यंत घरातले कोणी ना कोणी रात्री तिथे झोपायला जाई. डुकरे यायची, गवे यायचे आणि चांदणे असले की सांबरे यायची. डुक्कर खाते कमी आणि लोळून नासते जास्त, सांबर मात्र शहाण्या पाहुण्यासारखे बांधाच्या कडेकडेने कोवळी कणसे खुडत जाते, असे आजोबा म्हणत. त्या म्हणण्यात राग होता की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बारही ते दोघांवर सारखाच टाकत आणि त्यात पिकाची राखण किती आणि मांसाची ओढ किती, याचा हिशोब घरात कोणी मांडत नसे. मीही मांडत नाही, कारण चुलीवरच्या त्या भरड, चिवट, काळ्या मसाल्यातल्या मांसाची चव माझ्या जिभेला आजही आठवते.

त्या रात्री मी माळ्यावर होतो. मध्यरात्र उलटल्यावर आजोबांनी माझ्या तोंडावर हात ठेवून मला जागे केले. खालच्या खाचरात नर सांबर उभे होते, भाताच्या वर फक्त पाठ आणि शिंगे, आणि चांदण्यात त्याच्या नाकातून निघणारी वाफ. बार झाला, दारूचा धूर आमच्याच तोंडावर आला, आणि धुरामागून एक आवाज ऐकू आला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. आजोबांच्या तोंडून शिवी गेली. सांबर उधळले नाही. पाठ कमान करून, शेपूट दाबून ते चालत, खरोखरच चालत, बांध चढून रानात गेले. मला वाटले आता खाली उतरायचे, कंदील घ्यायचा, धावायचे. आजोबांनी विडी पेटवली आणि पाय पसरले. "पोटात बसलीया," ते म्हणाले. छातीत बसली असती तर जनावर जीव खाऊन धावले असते आणि शे-दीडशे पावलांत कोसळले असते. पोटातले जनावर थोडे जाऊन बसते. त्याला बसू दिले तर ते तिथेच मरते, मागे लागले तर उठते आणि मग मैल मैल चालत राहते. तेव्हा उजाडेपर्यंत कोणी हलायचे नाही. ती रात्र मी कुडकुडत काढली. जवळच कुठेतरी ते बसले आहे, त्याच्या पोटात आपले शिसे आहे आणि आपण विडी ओढतो आहोत, ही वाट पाहणे दयेचे होते की क्रूर, याचे उत्तर मला त्या वयात देता आले नसते. आजही चटकन देता येणार नाही.

उजाडल्यावर गावातल्या मागकाढ्या म्हाताऱ्याला बोलावणे गेले. तो आला, पण लगेच निघाला नाही. खाचरात सांबर उभे होते तिथे उकिडवा बसून त्याने भाताच्या ताटांतून दोनचार केस वेचले आणि तळहातावर ठेवून फुंकले. पाठीचे केस लांब आणि काळपट असतात, पोटाखालचे फिके. हे फिके होते. पुढे बांधावर रक्त सापडले, त्यात हिरवट, चघळलेल्या पाल्याचा अंश होता आणि त्याला आंबूस वास येत होता. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, काळसर आणि दाट म्हणजे काळीज, आणि पायाला लागलेले असले तर आधी भरपूर थेंब पडून मग एकाएकी थांबतात, तेव्हा त्याचा भरवसा धरायचा नाही, असे तो चालता चालता सांगत होता. मला नव्हे, सवयीने, जसे काही लोक स्वयंपाक करताना स्वतःशीच बोलतात. तो 'रक्त' हा शब्द मात्र उच्चारत नसे, 'खूण' म्हणे. करपलेल्या पानांवर तांबडे ठिपके असतातच, त्यातला खरा कोणता, हे ओळखायला तो बोट जिभेला लावून ठिपक्यावर घाशी. ठिपका पानाचा असेल तर जागचा हलत नाही, खूण असेल तर बोट रंगते. गवताच्या पात्यांना किती उंचीवर पुसट लागले आहे, कोणत्या बाजूला लागले आहे, हेही तो पाही आणि त्यावरून गोळी कुठे बसली, आरपार गेली की नाही, ते सांगे. मुंग्या कुठे जमल्या आहेत, हेसुद्धा बघायचे. आणखी दोन तास जाऊ दिल्यावर आम्ही रानात शिरलो. आम्ही सातजण होतो, आठवा मी.

माझ्यावर एक काम होते. सापडलेल्या प्रत्येक थेंबापाशी म्हातारा चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काडी रोवून तिच्या फटीत पान अडकवी, म्हणजे मागे वळून पाहिले की काड्यांची रेघ दिसे आणि जनावराचा रोख कळे. पण जो थेंब शेवटचा, त्यावर काडी नाही, माणूस उभा करायचा. पुढचा सापडेपर्यंत त्याने हलायचे नाही, बसायचे नाही, बोलायचे नाही. बाकीचे त्याच्याभोवती रिंगण वाढवत पुढचा थेंब शोधणार. पोरगा पायात घोटाळतो, तेव्हा त्याला उभा करा, एवढाच त्यात विचार होता, पण मला तो मोठा मान वाटला. पहिले पाचसहा थेंब मी पुतळ्यासारखा उभा राहिलो. मग एका उतारावर, आसपास वाळकी-ओली पाने घोट्याइतकी साचली होती तिथे, बोटांच्या बेचक्यात काहीतरी गार लागले. पावसाळा सरला तरी आमच्या रानातल्या जळवा लगेच सरत नाहीत. एक बोटांत होती आणि एक पोटरीवर चढत होती. मी उड्या मारत बाजूच्या दगडावर बसलो, नखाने त्या ओरबाडून काढल्या, आणि परत आलो तेव्हा मी तुडवलेल्या पानांमध्ये थेंब नव्हता. सगळी पाने सारखीच दिसत होती. पलीकडे, चार-पाच पावलांवर, चढाच्या बाजूला एका पानावर तांबडा ठिपका होता. मी त्याच्यावर जाऊन उभा राहिलो. म्हाताऱ्याने वळून विचारले, "हितंच काय रं?" आणि मी म्हटले, "हितंच."

बोट ओले करून मी ते पान घासून पाहिले नाही.

चार-पाच पावलांचा फरक, पण मागच्या काडीपासून माझ्या पायापर्यंत जी रेघ निघाली, ती डोंगराकडे वळली. सगळे चढणीला लागले. दुपारपर्यंत, मग सूर्य कलेपर्यंत शोध झाला, कुत्री सोडून झाली, एका पडलेल्या झाडावर खूण आहे असे कोणीतरी म्हणाले आणि ती निघाली नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा आणि म्हातारा दोघेच गेले. चौथ्या दिवशी ओहोळाच्या बाजूला गिधाडे उतरताना दिसली. जखमी जनावर पाण्याकडे जाते, हे त्या दोघांना माझ्या वयाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते, पण रेघ चढाची होती आणि त्यांचा रेघेवर विश्वास होता. सांबर थेंबापासून फार तर तीनशे पावलांवर, पाण्यात तोंड घालून पडले होते. कातडेसुद्धा उपयोगाचे राहिले नव्हते. मला तिथे नेले नाही, वास मात्र सगळ्यांच्या कपड्यांना होता. (गिधाडांचे जाता जाता सांगायचे तर, तेव्हा ती मेलेल्या म्हशीवर डझनांनी बसत. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने पुढे त्यांचा जवळजवळ निर्वंश केला. गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ साली. आज त्या ओहोळात काही मेले तर आकाशाकडे बघून कोणाला कळायचे नाही.)

आजोबांनी त्या दिवशी बंदूक टाकून दिली, असे मला लिहिता आले असते, पण तसे काही घडले नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा माळ्यावर होते. त्यांनी केले ते वेगळेच. आमच्या गावात शिकारीच्या वाटणीचा एक नियम होता, ज्याचे पहिले रक्त त्याची शिकार. एकाच्या बाराने जखमी झालेले जनावर दुसऱ्याने पाडले तरी ते पहिल्याचेच. त्याला एक फरा जास्त, बाकी सगळ्यांना सारखे वाटे, हाकाऱ्याला, मागकाढ्याला, कुत्र्याच्या मालकालाही. ज्यांना वाटा मिळायचा होता, त्यांना या खेपेस काहीच मिळाले नव्हते. आजोबांनी कणगीतून भात काढले आणि सहाही घरी पायली पायली पोहोचवले. जनावर त्यांचे होते, म्हणजे त्याची नासाडीही त्यांचीच होती. मागकाढ्या म्हाताऱ्याकडे भात घेऊन मला पाठवले. तो अंगणात चिव्याच्या काड्या सोलत बसला होता. पायली ओतून घेताना त्याने माझ्या पोटरीवरचा जळवेचा काळा डाग पाहिला, बोटाने दाबला, "लई चावली की," म्हणाला आणि आणखी काही बोलला नाही. त्याला कळले होते, असे मला तेव्हाही वाटले होते आणि अजूनही वाटते.

मी त्या काळासाठी गळा काढणारा माणूस नाही. गाभण माद्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत आणि म्हाताऱ्याइतका माग काढणारा गावात तो एकटाच होता. बाकीचे बार टाकत, जनावर पडले नाही तर "लागली नसंल" म्हणत आणि घरी जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी परवान्याने शिकारीची थोडी वाट त्यात होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली, आणि ती बंद झाली हे चांगलेच झाले. आमच्या आसपासचे सुमारे १९० चौरस किलोमीटर रान २०११ साली भीमगड अभयारण्य झाले, तेव्हा गावात कुरकुर झाली. ती गव्यांनी खाल्लेल्या भाताबद्दल होती आणि खरी होती. बंदुकीचे म्हणाल तर तिच्यात शेवटी शेवटी दारूपेक्षा गंज जास्त होता. निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची, एवढाच तिचा प्रवास उरला होता. आजोबा गेल्यावर परवाना कोणी आपल्या नावावर करून घेतला नाही. ती जमा केली तेव्हा थोरल्या काकांनी एकदाच तिच्या दस्त्यावरून हात फिरवला, घामाने काळा झालेला तो भाग होता तिथून. मला वाईट वाटले नाही. पण म्हाताऱ्याबरोबर गेलेल्या गोष्टींची, ते ओले बोट, ती काडी, थेंबावर माणूस उभा करण्याची ती रीत, यांची कुठे पावती झाली नाही. मारण्याच्या धंद्यातच शिकलेली ती विद्या होती, त्यामुळे मारणे थांबले तशी तीही गेली, आणि जखमी होणे काही थांबले नाही. चोर्ल्याचा रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, आणि आमच्याकडे शनिवारी-रविवारी गोव्याला जाणाऱ्यांपैकी कोणाच्या बंपरला काय लागले, हे धुणारा पोरगा सोडून कोणाला माहीत असते?

त्या रात्री पाठ टेकली आणि नियम आठवला. ज्याचे पहिले रक्त त्याची शिकार. म्हणजे ते भेकर आमचे होते.

सकाळी पुतण्याला उठवले नाही. कुठे निघालात, या प्रश्नाला "कणकुंबीला, देवीला" असे उत्तर दिले, जे अर्धे खरे होते. कणकुंबीची बस गच्च भरली होती. २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचे भाडे नाही, त्यामुळे सुट्या पैशांसाठी कंडक्टर सगळा डोळा आमच्यासारख्यांवर ठेवून असतो. मोरीपाशी उतरवायला सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे आणि रिकाम्या रानाकडे आळीपाळीने पाहिले. दिवसा ती जागा अगदी साधी होती. पट्ट्यावरचे तीन थेंब टायरांनी पुसले होते. कठड्याजवळचा चौथा होता, तपकिरी, नाण्याएवढा, आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग. वनरक्षक येऊन गेला असावा, कारण मातीत बुटाचा ताजा ठसा होता आणि तो थेंबापासून चार पावले आत जाऊन परतला होता. अभयारण्य असो की राखीव रान, परवानगीशिवाय आत शिरणे हा गुन्हाच. त्या सकाळची सगळी पावले माझ्या नावावर मांडून ठेवावीत.

पाचवा थेंब कारवीच्या पानावर मिळाला. दवाने तो पसरून फिका झाला होता. सहावा मिळायला पाव तास लागला. गुडघे टेकून, चष्मा सरसा करून मी पाने उलटत होतो आणि दर दुसऱ्या पानावर तांबडा ठिपका होता. बोट जिभेला लावून घासायचे, पुसायचे, पुढे सरकायचे. एकदा बोट रंगले तेव्हा जिभेवर लोखंडासारखी चव आली, कारण पुसायचे विसरून मी तेच बोट पुन्हा तोंडात घातले होते. काडी रोवायला चिवा नव्हता, म्हणून बसच्या तिकिटाचे तुकडे करून काट्यांना अडकवत गेलो. सातव्या थेंबाशी पालापाचोळा दाबलेला होता, जनावर तिथे काही वेळ बसले असावे, आणि पलीकडे उतार सुरू होत होता. खाली पाण्याचा आवाज होता. आठवा थेंब एका वाळक्या फांदीच्या टोकाला, गुडघ्याच्या खाली, भेकराच्या मांडीच्या उंचीवर. त्यानंतर नाही. मी आठव्यापाशी उभा राहिलो. पुढे शोधायला जावे तर आठव्यावर कोणी नव्हते, आणि आठव्यावर उभे राहावे तर पुढे शोधायला कोणी नव्हते. म्हाताऱ्याचे रिंगण एकट्या माणसाला घालता येत नाही, ही गोष्ट त्याच्या सगळ्या बडबडीत कधी आली नव्हती, कारण तो एकटा कधी गेलाच नव्हता. शेवटी त्या फांदीला रुमाल बांधला आणि पाण्याच्या आवाजाच्या दिशेने उतरलो. ओहोळाच्या काठी चिखलात खुरांचे ठसे होते, बरेच, नवे-जुने, येणारे आणि जाणारे. त्यात तीन पायांचे कोणते, हे मला ओळखता आले नाही. पाणी स्वच्छ होते. वर पाहिले तर झाडांच्या फटीत आकाश रिकामे होते. अर्धा तास मी काठाने वर-खाली फिरलो, दोनदा रुमाल दिसतो का म्हणून मागे वळून पाहिले, आणि साडेबाराची बस चुकली तर पुढची तीनला, हे आठवून दुसऱ्याच वाटेने रस्त्यावर चढलो.

"चिल्लर कोडरि," कंडक्टर म्हणाला. घाम पुसून पैसे काढावेत म्हणून खिशात हात घातला, तर रुमाल नव्हता.